तिला रानात कोणी पाठवले?

एक तरुणी डोंगरात वाट चुकते, किंवा तिचे छोटे विमान बर्फाळ रानात कोसळते. तिथे तिला एक पुरुष भेटतो. जटा वाढलेल्या, अंगावर कातडे, कमरेला सुरा. माणसांची भाषा त्याला येत नाही, किंवा कधी येत होती ती तो विसरला आहे. तो तिला आपल्या गुहेत नाहीतर खोपटात घेऊन जातो. ती घाबरते, पळू पाहते, त्याच्याशी झगडते, आणि तीनशे पानांनंतर त्याच्यासोबत राहायचे ठरवते. ‘डार्क रोमान्स’ या नावाने इंग्रजीत गेल्या दहा-बारा वर्षांत जो कादंबरीप्रकार फोफावला, त्याची ही एक जोमदार फांदी. लिहिणाऱ्या बहुतांशी बायका, वाचणाऱ्याही बहुतांशी बायका.

या पुस्तकांविषयीचे सुशिक्षित मत जवळजवळ ठरून गेले आहे. परंपरेचा कैवार घेणारे म्हणतात, याने मुली बिघडतात. स्त्रीवादी भूमिकेतून बोलणारे म्हणतात, याने हिंसेला प्रेमाचा मुलामा मिळतो. एरवी ज्यांचे कशावरही जमत नाही असे हे दोन पक्ष इथे एकाच गृहीतकावर उभे आहेत: रानटी पुरुष म्हणजे पुरुषी सत्तेचे सर्वांत उघडे रूप, आणि त्याच्यात रमणारी वाचक त्या सत्तेपुढे शरण जाण्याचे सुख घेते. मला खोडायचे आहे ते हे गृहीतक. या फांदीवरच्या प्रत्येक पुस्तकाचे वकीलपत्र मी घेतलेले नाही. त्यांतली कित्येक वाईट आहेत, आणि ती का वाईट आहेत हेही सांगणार आहे; पण ते कारण आक्षेपकांनी सांगितलेले नव्हे.

पूर्वपक्ष मात्र नीट मांडला पाहिजे, कारण त्याच्या हाती पुरावा आहे. १९१९ साली ई. एम. हल या इंग्रज लेखिकेची ‘द शेख’ ही कादंबरी आली. तिच्यात डायना मेयो या मानी तरुणीला अल्जीरियाच्या वाळवंटात अहमद बेन हसन पळवून नेतो, तिच्यावर बलात्कार करतो, आणि शेवटी ती त्याच्यावर जीव टाकते. पुस्तक तुफान खपले. १९२१ च्या चित्रपटाने रुडॉल्फ व्हॅलेंटिनोला घरोघर पोचवले. पुढे १९७२ मध्ये कॅथलीन वुडिविसच्या ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ने अमेरिकेत जाड प्रेमकादंबऱ्यांची लाट आणली, तिथेही नायक आधी नायिकेवर जबरदस्ती करतो आणि मग तिचा नवरा होतो. १९७५ साली सुझन ब्राउनमिलरने बलात्काराचा इतिहास लिहिला. बलात्कार हे वासनेचे नव्हे, सत्तेचे हत्यार आहे, हा तिचा सिद्धान्त होता. तो मान्य केला की या कादंबऱ्या त्या हत्याराला धार लावणाऱ्या ठरतात. आजच्या डार्क रोमान्सवरची टीका याच वाटेने आलेली आहे. तिला उडवून लावणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पण टीकाकार एक मोठी गफलत करतात. माफियाचा सरदार, अब्जाधीश उद्योगपती, मुखवटा घालून पाठलाग करणारा अनामिक आणि रानात वाढलेला पुरुष, या सगळ्यांना ते एकाच रांगेत उभे करतात. हे चौघे सारखे नाहीत. पहिल्या तिघांच्या मागे काहीतरी उभे आहे: पैसा, टोळी, खिशातले पोलीस, कॅमेरे, वकील. त्यांच्या तावडीतून स्त्री निसटली तरी जाणार कुठे, हा प्रश्न त्या कादंबऱ्यांच्या मुळाशी असतो. रानातल्या पुरुषापाशी यांतले काहीच नाही. त्याला नाव नाही, घराणे नाही, जमीनजुमला नाही, ‘पोरगा आहे, चुकतो’ असे म्हणून त्याची बाजू घेणारी आई नाही, त्याच्या वतीने समझोता करायला येणारे काका नाहीत. त्याच्याकडे फक्त अंगातली ताकद आहे. पुरुषी सत्ता म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्यात ताकदीचा वाटा किती थोडा असतो हे कोणत्याही बाईला माहीत आहे. तिला मारणाऱ्या हातापेक्षा, तो हात उचलला गेल्यावर घरातले सगळे गप्प बसतात, ते जास्त भारी पडते. ही गोष्ट पुरुषाला रानात नेते, आणि नेताना त्याच्याभोवतीची ती गप्प माणसे वजा करते. म्हणून ‘द शेख’चा अहमद माझ्या लेखी रानटी नायक नव्हेच. त्याच्यामागे टोळी आहे, घोडे आहेत, हुकूम झेलणारे नोकर आहेत. तो वाळवंटातला जहागीरदार आहे, आणि आक्षेपकांची टीका त्याला पुरेपूर लागू पडते.

रानटी नायकाचा धडा कोणता, ते १९१२ सालच्या ‘टारझन’मध्ये दिसते. एडगर राइस बरोज हा पुरुष लेखक, मासिकातली साहसकथा. स्त्रियांच्या मनोराज्याशी तिचा संबंध नाही. टेरकोझ नावाचा वानर जेनला उचलून नेतो, टारझन त्याला मारतो आणि मग तो स्वतःच तिला उचलून रानात खोल नेतो. आक्षेपक इथे पुस्तक मिटतात. पुढे काय होते? रात्र पडते. टारझन तिच्यासाठी पालापाचोळ्याचा आडोसा बांधतो, आपला शिकारीचा सुरा म्यानातून काढतो, मुठीकडून तिच्या हाती देतो, तिला आत जायची खूण करतो आणि स्वतः दाराबाहेर आडवा होतो. दोघांना एकमेकांची बोली येत नाही, त्यामुळे वचन देता येत नाही आणि मोडताही येत नाही. देता येतो तो फक्त सुरा. या कथाप्रकाराचे सगळे यश या एका देवघेवीवर अवलंबून असते. आजच्या ज्या कादंबऱ्या चांगल्या वठल्या आहेत, त्यांच्यात हा सुरा कोणत्या ना कोणत्या रूपात नायिकेच्या हाती येतो. ज्यांच्यात येत नाही, नायिका केवळ कैदेला सरावते आणि त्या सरावालाच प्रेम म्हटले जाते, त्या फसलेल्या कादंबऱ्या होत. कसोटी सोपी आहे. शेवटच्या पानावर रानातून बाहेर जायची वाट तिला ठाऊक आहे का, आणि ती मोकळी आहे का?

आता ‘हे सगळे मोबाइलच्या पिढीचे खूळ आहे’ हा आक्षेप. त्याला उत्तर पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या बाबिलोनी मातीच्या पाट्यांवर आहे. गिल्गमेशाच्या महाकाव्यात अरूरू देवी मातीचा एक पुरुष घडवते, एन्किडू. सर्वांगावर केस, हरणांबरोबर चरतो, पाणवठ्यावर जनावरांबरोबर पाणी पितो, पारध्याचे सापळे मोडून टाकतो. हैराण झालेल्या पारध्याच्या गाऱ्हाण्यावरून शमहत या स्त्रीला त्याच्याकडे नेले जाते. सहा दिवस आणि सात रात्री ती दोघे एकत्र असतात. त्यानंतर तो कळपाकडे जातो, तर हरणे त्याला पाहून पळतात; त्याचे पाय पूर्वीसारखे धावत नाहीत, पण त्याला समज आलेली असते. मग शमहत आपल्या वस्त्राचा अर्धा भाग त्याला नेसवते आणि धनगरांच्या वाड्यावर नेते. समोर ठेवलेल्या भाकरीचे आणि मद्याचे काय करायचे हे त्याला कळत नाही. ते तीच सांगते.

हा भाग सगळ्यांना माहीत असतो. त्यापुढचा फारसा सांगितला जात नाही, आणि माझ्या दृष्टीने तोच निर्णायक आहे. उरुक नगराचा राजा गिल्गमेश नव्या नवरीवर पहिला हक्क स्वतःचा सांगत असे. फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात असलेल्या जुन्या बाबिलोनी पाटीवर हा प्रसंग आहे: लग्नाला निघालेल्या एका वाटसरूकडून एन्किडूला ही चाल कळते, त्याचा चेहरा पांढरा पडतो, तो तडक नगरात जातो आणि लग्नघराच्या दारात पाय रोवून राजाला अडवतो. म्हणजे मानवजातीच्या हाती असलेल्या सर्वांत जुन्या रानटी पुरुषाच्या कथेत लैंगिक जुलूम नगरात आहे, राजवाड्यात आहे, आणि रिवाजाच्या आधाराने चाललेला आहे. एका स्त्रीने माणसांत आणलेला रानटी पुरुष त्या जुलमाच्या आडवा येतो. ‘रानटी पुरुष म्हणजे पुरुषी सत्तेचे उघडे रूप’ हे समीकरण या कथेने आरंभीच नाकारलेले आहे.

एन्किडूच्या कथेत दोष नाही असे मात्र नाही. शमहतला तिथे पाठवलेले आहे. पारध्याचा बाप सुचवतो, राजा होकार देतो, पारधी घेऊन जातो. तिला कोणी विचारत नाही. आपल्याकडच्या ऋष्यशृंगाच्या कथेतही तेच. महाभारताच्या वनपर्वात विभांडक ऋषींचा हा मुलगा अरण्यात वाढलेला, बापाखेरीज माणूस त्याने पाहिलेला नाही. अंगदेशात पाऊस पडेना म्हणून राजा लोमपाद गणिकांना नावेवर सजवलेल्या आश्रमासह पाठवतो. ऋष्यशृंगाला समोरची स्त्री म्हणजे कोणी आगळा ब्रह्मचारी वाटतो, आणि तिचे वर्णन तो बापाला त्याच भाबडेपणाने करतो. शेवटी त्याला नगरात आणतात, पाऊस पडतो, राजकन्या शांतेशी त्याचे लग्न लागते. ज्या गणिकांनी त्याला आणले त्यांचे काम तिथे संपते. दोन्हीकडे स्त्री हे आमिष आहे. रानटी पुरुषाला माणसाळवण्याची विद्या तिची, पण विद्येचे फळ राजाचे.

या मांडणीला छेद देणारी कथा आपल्याच वाङ्मयात आहे, आणि तिच्यात खंडन-मंडनही आयते आहे. ‘कुमारसंभवा’च्या तिसऱ्या सर्गात देवांना तारकासुराचा वध करणारा पुत्र हवा असतो. पार्वती शिवाच्या सेवेत आहेच; देव मदनाला पाठवतात, आणि तिचे रूप हेच त्याच्या बाणाचे टोक व्हावे अशी योजना असते. योजना जळून खाक होते, मदनासकट. पार्वतीला आमिष म्हणून वापरण्याचा डाव कालिदासाने पुरता फसवला आहे. त्यानंतर, पाचव्या सर्गात, ती आईचा विरोध डावलून स्वतःच्या निश्चयाने तपाला बसते. तिथे एक तरुण ब्रह्मचारी येतो आणि आजच्या टीकाकाराचे सगळे भाषण करतो. ज्याच्या हाताला साप गुंडाळलेला आहे त्या हातात तू हात कसा देणार? तुझ्या हंस विणलेल्या रेशमाला त्याच्या रक्त गळणाऱ्या हत्तीच्या कातड्याची गाठ मारायची? अळता लावलेले पाय स्मशानात ठेवायचे? त्याच्या जन्माचा पत्ता नाही. त्याची श्रीमंती किती, हे त्याचे उघडे अंगच सांगते. वरामध्ये जे पाहतात त्यातले एकही त्याच्यात नाही.

महादेवाला मी कादंबरीतल्या गुहेतल्या पुरुषाच्या पंक्तीला बसवत नाही. दोघांत अंतर आहे ते सांगायला नको. पण आक्षेप तोच आहे, शब्दाशब्दाने तोच: घर नाही, कूळ नाही, वेश भयंकर, संगत वाईट, मुली, तुला कळत नाही. पार्वतीचे उत्तर दोन पायऱ्यांचे आहे. आधी ती मुद्द्याला मुद्दा देते. मग म्हणते, वाद पुरे. तू म्हणतोस तसाच तो असला तरी माझे मन तिथे जडले आहे, आणि स्वतःच्या इच्छेने चालणारा लोकनिंदेकडे पाहत नाही. ही दुसरी पायरी मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या इच्छेचे समर्थन करण्याची जबाबदारीच ती नाकारते. ब्रह्मचारी पुन्हा तोंड उघडणार हे दिसताच ती सखीला सांगते, याला थांबव. आणि ब्रह्मचाऱ्याचा वेश टाकून शिव प्रकट होतो तेव्हा तो काय म्हणतो? आजपासून मी तुझ्या तपाने विकत घेतलेला दास आहे. शरण कोण गेले, हा प्रश्न कालिदासाने निर्विवाद निकालात काढला आहे. मराठीत श्रीधरस्वामींनी ‘शिवलीलामृता’त हीच जोडी पुन्हा रानात नेली: सारीपाटात हरून रुसलेला शिव अरण्यात निघून जातो आणि पार्वती भिल्लिणीच्या वेशात त्याच्यामागे जाते. तिथेही तिला कोणी पाठवलेले नाही. ती गेलेली आहे.

आजच्या रानटी नायकाच्या कादंबरीत नवीन काय, तर हेच, आणि ते छापील पुस्तकांच्या जगात घाऊक प्रमाणावर घडते आहे. नायिका कोणाच्या कामगिरीवर आलेली नसते. पाऊस पाडायचा नसतो, राजाचा प्रतिस्पर्धी वठणीवर आणायचा नसतो. मिया शेरिडनच्या ‘सॅव्हेज्ड’ (२०१९) मधला मोंटानाच्या रानात वाढलेला जॅक असो, किंवा पेनेलोपी डग्लसच्या ‘क्रेडेन्स’ (२०२०) मधला कोलोराडोच्या डोंगरातला, बोलणे टाकलेला केलेब असो, या पुरुषांचे मौन हा कथेचा गाभा असतो. जो बोलत नाही तो समजावत नाही, फसवत नाही, ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणत नाही. त्याने काय केले तेवढेच पाहता येते. त्याला ‘नाही’चा अर्थ माहीत नसतो आणि तो त्याला शिकावा लागतो. शहरातल्या नायकाला तो अर्थ माहीत असतो आणि तो त्याकडे काणाडोळा करतो. या दोघांत अधिक भयंकर कोण, हे वाचकाला कोणी सांगावे लागत नाही.

‘पण वाचणारी हे प्रत्यक्षात उतरवू पाहील’ हा आक्षेप उरतो. आपल्या काव्यशास्त्राने यावर एक हजार वर्षांपूर्वी विचार केलेला आहे. भयानक रसाचे उदाहरण देताना अभिनवगुप्ताने ‘शाकुंतला’तल्या, दुष्यंताच्या बाणापुढे जीव घेऊन धावणाऱ्या हरणाचा श्लोक घेतला. प्रेक्षकाला तिथे भय जाणवते, पण ते ‘मी भ्यालो’ असे नसते आणि ‘तो भ्याला’ असेही नसते. देशकाळाच्या आणि माझे-तुझेच्या गाठी सुटलेले ते भय असते, म्हणूनच ते चाखता येते. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक परकी भूमिका घेतो आणि त्याच क्षणी आपली भूमिका सोडत नाही, असे तिचे सार. करुण रसात आनंद कसा, यावर मराठीत पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले, पण शोकांतिका पाहून प्रेक्षक विषाचा प्याला शोधत घरी जातो असे कोणी म्हटले नाही. मग भीतीत रमणाऱ्या बाईलाच ही समाधी साधत नाही, असे मानण्याचे कारण काय? पुरुषाने युद्धकथा वाचली तर तो रसिक, बाईने ही कादंबरी वाचली तर ती रोगी, हा भेद शास्त्रात नाही. तो आपण आणलेला आहे.

मानसशास्त्राची साक्षही याच बाजूची आहे. जोसेफ क्रिटेली आणि जेनी बिवोना यांनी २००८ साली आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात आपल्या इच्छेविरुद्ध जबरदस्ती होत असल्याची कल्पनाचित्रे मनात येतात असे सांगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ३१ ते ५७ टक्के आढळले. प्रत्यक्षात आपल्यावर बलात्कार व्हावा असे यांतल्या कोणालाही वाटत नसते, हे संशोधक बजावून सांगतात. कल्पनाचित्रात पुरुष काय करील, कधी थांबेल, त्याच्या नजरेत काय असेल, हे सगळे कल्पना करणारीच ठरवते. तिथे तिच्या संमतीशिवाय पानही हलत नाही. कादंबरीत ही सूत्रे लेखिकेच्या हाती जातात, आणि म्हणून या पुस्तकांच्या सुरुवातीला आत काय काय आहे याची स्पष्ट यादी असते. पहिले पान उलटण्याआधी वाचकाची परवानगी मागणारा दुसरा साहित्यप्रकार मला माहीत नाही. चौदा वर्षांच्या मुलीच्या हाती हे पडू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. पण ती लहान मुलांची काळजी आहे; तिच्या नावाखाली प्रौढ बाईला लहान मूल ठरवू नये.

जॅनिस रॅडवेने १९८४ साली अमेरिकेतल्या एका शहरातल्या प्रेमकादंबऱ्यांच्या वाचकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या बायका बारकाईने निवड करत. नायकाचा क्रूरपणा शेवटपर्यंत टिकतो ती पुस्तके त्या फेकून देत, आणि फसगत नको म्हणून काही जणी शेवट आधी वाचत. रॅडवेचा निष्कर्ष दुहेरी होता: वाचनाचा तेवढा वेळ त्या घरकामातून स्वतःसाठी काढून घेतात, पण घर आहे तसेच राहते. हा दुसरा भाग मला खरा वाटतो. पुस्तक कायदा बदलत नाही. पण मग कायद्याकडे बोट दाखवा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीतला असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये, बायको अठरा वर्षांची झालेली असेल तर नवऱ्याची जबरदस्ती बलात्कार ठरत नाही, हा जुना अपवाद कायम ठेवलेला आहे. बाईच्या ‘नाही’ला किंमत नसलेली जागा या देशात आहे, आणि ती गुहेत नाही.

त्याच वर्षी समाजमाध्यमांवर एक प्रश्न जगभर फिरला: रानात एकटी असताना समोर अनोळखी पुरुष आलेला बरा की अस्वल? असंख्य बायकांनी अस्वल म्हटले. त्यांच्यातल्या कित्येक हीच पुस्तके वाचतात, आणि टीकाकारांना यात विसंगती दिसते. मला दोन्हींत एकच म्हणणे ऐकू येते. अस्वलाने हल्ला केला तर ‘तू तिथे गेलीसच का’ असे विचारून त्याची पाठराखण करायला कोणी येत नाही. रानटी नायकाचीही कोणी पाठराखण करत नाही. भीती पुरुषाच्या देहाची नसून त्याच्या पाठीशी असलेल्या फौजेची आहे, हे या बायकांना पक्के कळलेले आहे.

तर मग ही पुस्तके वाईट का? आक्षेपकांची नजर शय्येवरून हलत नाही, म्हणून खरा दोष त्यांना दिसत नाही. तो वंशाचा आहे. टारझनने सुरा दिला, तो का? बरोज स्पष्ट सांगतो की ते त्याच्यातल्या उमराव रक्ताचे लक्षण होते. टारझन म्हणजे लॉर्ड ग्रेस्टोकचा मुलगा. अहमद बेन हसन अखेरीस एका इंग्रज अर्लचा पुत्र निघतो, आणि तेव्हाच डायनाचे प्रेम वाचकाच्या गळी उतरते. ऋष्यशृंग ऋषिपुत्र आहे. भिल्लिणीचा वेश आहे, भिल्लीण नाही. रानटीपणा चालतो, पण तो वरून पांघरलेला हवा. आत कूळ चांगलेच लागते. ब्रह्मचाऱ्याने पार्वतीला विचारलेला कुळाचा प्रश्न पार्वतीने मोडून काढला होता, आणि या कथांनी तो मागच्या दाराने पुन्हा घरात घेतला.

रानात खरोखर वाढलेल्या मुलांचे काय झाले, ते नोंदलेले आहे. बुलंदशहर जिल्ह्यात १८६७ साली सापडलेला दीना सनीचर आग्र्याजवळच्या सिकंदऱ्याच्या अनाथाश्रमात १८९५ पर्यंत जगला. त्याला शेवटपर्यंत बोलता आले नाही. फ्रान्समधल्या आव्हेरोंच्या व्हिक्टरला डॉ. इतार यांनी वर्षानुवर्षे शिकवले, दोन अहवाल लिहिले आणि अखेर हात टेकले. त्याला सांभाळले ते मादाम गेरॅं या बाईने, सरकारी वेतनावर, १८२८ मध्ये तो मरेपर्यंत. इतार यांच्या अहवालात एक प्रसंग आहे: तिचा नवरा वारला तरी व्हिक्टरने जेवणाच्या टेबलावर नेहमीप्रमाणे त्याचे ताट मांडले, ती रडली, आणि ते पाहून त्याने ते उचलून कपाटात ठेवले, पुन्हा कधी मांडले नाही. रानटी पुरुष आणि त्याला माणसांत आणणारी स्त्री यांची इतकी खरी कथा दुसरी नाही. तिच्यात वासना नाही, वारसा नाही, म्हणून तिच्यावर कादंबऱ्यांची फांदी उगवली नाही.

आणि रान तरी कोणाचे? या कादंबऱ्यांतले मोंटाना, अलास्का, कोलोराडो निर्मनुष्य असतात. मोंटानातले ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान १९१० साली झाले. त्याचा पूर्वेकडचा भाग ब्लॅकफीट लोकांकडून १८९५ च्या कराराने घेतलेला. १९६४ च्या अमेरिकी कायद्याने तर अरण्याची व्याख्याच अशी केली की जिथे माणूस पाहुणा असतो, मुक्कामाला राहत नाही. मुक्कामाला राहणारे आधी हलवले, मग रिकाम्या रानात गोरा नायक वाढवला, आणि त्याच्या हातचा सुरा घ्यायला नायिका पाठवली. ‘कोणी पाठवले’ हा माझा प्रश्न इथे कादंबरीवर उलटतो, आणि तो उलटायलाच हवा. इतक्या टीकालेखांत ‘हिंसा’ हा शब्द येतो, पण या हिंसेविषयी मला त्यांत फारसे काही सापडलेले नाही. ब्लॅकफीट किंवा भिल्ल समाजातल्या एखाद्या लेखिकेने ही गोष्ट हाती घेतली, तर तिच्या रानात सुरा कोणाच्या कमरेला असेल आणि रानटी कोणाला म्हटले जाईल, ते मला वाचायचे आहे.